पूजेत ठेवलेला रथ

१

‘रथ’ अशी पट्टी लावलेल्या डिस्कमध्ये रथ नव्हता.

काहीच नव्हतं. वनजाने ती तळहाताएवढी काळी डबी माझ्या टेबलावर ठेवली आणि म्हणाली, “सुनंदक्का, ही रिकामी असायला नको होती. यात रथ होता. मी या डोळ्यांनी पाहिलाय.”

मी विम्याची सर्व्हेयर. कुंदापूरच्या आसपास कुणाचं गोदाम जळलं, होडी फुटली, काजूचा कारखाना पाण्यात गेला, की मला धाडतात. नुकसान किती आणि ते झालं कसं, एवढंच मी सांगायचं. नुकसान किती याबद्दल लोक माझ्याशी खोटं बोलतात. झालं कसं याबद्दल ते स्वतःशीच खोटं बोलतात, आणि ते पकडणं फार अवघड असतं.

कोडमक्कीच्या देवळाचा रथ गेल्या जत्रेत फटाक्याच्या ठिणगीने पेटला, तेव्हा राख बघायला मीच गेले होते. राखेपाशी लोकनाथ आचार्य उभे होते. तो रथ त्यांच्या आजोबांनी घडवलेला. देवळाचे पंच डोळे पुसत होते आणि हा म्हातारा ताठ मानेने सांगत होता, “रडता कशाला? माझ्या गिरीशने त्याचं माप घेऊन ठेवलंय. फळी न फळी, खिळा न खिळा. हाच रथ पुन्हा उभा करून देतो.”

गिरीश त्यांचा एकुलता मुलगा, वनजाचा नवरा. रथाच्या अंगाखांद्यावर चढून त्याने मापं घेतली, फोटो काढले, घरच्या कॉम्प्युटरवर नकाशे काढले आणि पुढच्याच पावसाळ्यात घाटातल्या अपघातात गेला. बापाने शब्द दिला होता तो मुलाच्या जिवावर. आता तो शब्द रिकाम्या डबीत होता.

“कॉम्प्युटरवरचं काय झालं?” मी विचारलं.

“ते पुसलं जाणारच होतं, अक्का. लाकडावर कोरीवकाम करणारं नवं मशीन घेतलं आम्ही. ते जुन्या सिस्टमवर चालणार नव्हतं. नवी सिस्टम टाकायची तर आतलं सगळं साफ करावं लागेल, म्हणून आल्विन डिसोजाने आधी या डिस्कवर नक्कल काढली. मग नवी सिस्टम टाकली, डिस्क लावली, आणि हे असं.”

“कुणीतरी पुसली असेल.”

“मंगळूरला तपासून आणली. पुसलेलं परत आणणारे लोक आहेत तिथे. ते म्हणतात, पुसलेलं असतं तर मागे खुणा राहिल्या असत्या. हिच्यावर कधी काही लिहिलंच गेलं नाही.”

“मग आल्विनने नक्कल काढलीच नाही, झालं.”

“काढली!” वनजाचा आवाज चढला. “मी शेजारी उभी होते. नक्कल झाल्यावर त्याने डिस्कमधूनच रथाचं चाक उघडून दाखवलं मला. गिरीशने काढलेलं चाक मी ओळखणार नाही?”

मंगळूरवाल्यांना खोटं बोलायचं काही कारण नव्हतं. वनजाला होतं का, ते मला अजून ठाऊक नव्हतं.

२

आचार्यांचं घर आणि कारखाना एकच. अंगणात सागवानाचे ओंडके आणि मधोमध ताडपत्री घातलेलं ते नवं मशीन. दसऱ्याच्या मुहूर्तावर आलं तेव्हापासून त्याने एक फळीही कोरली नव्हती.

वनजाने धणे-जिऱ्याचा गरम कषाय आणून दिला. आचार्य कपाला हात न लावता सुरू झाले.

“विचारायचं काय त्यात? त्या आल्विनने माती खाल्ली. नक्कल काढलीच नाही, आणि पैसे घ्यायला हात पुढे. हाकलला मी त्याला. त्याचं जे काही सामान इथे पडलं होतं ते मागून भिरकावलं.”

“मामा, मी पाहिलं म्हणते ना!”

“तू काय पाहिलंस? त्याने कॉम्प्युटरमधलंच उघडून दाखवलं असेल. तुला काय कळतंय?”

“तुम्हाला तरी काय कळतंय?” वनजा म्हणाली. “दुसरी नक्कल काढून माझ्या भावाकडे ठेवू या म्हणून किती मागे लागले होते मी!”

“रथाचं माप म्हणजे घरची सून. ती दहा घरी ठेवत नाहीत.”

“सून एकच होती, मामा. तिचं तरी ऐकायचं.”

मला हसू आलं होतं, पण म्हाताऱ्याच्या तोंडाकडे बघून मी ते गिळलं. मी विचारलं, “दहा घरी म्हणजे कुणाच्या घरी जाईल अशी भीती होती?”

“दिवाकरच्या,” आचार्य म्हणाले. “माझा पुतण्या. माझ्याच हाताखाली पटाशी धरायला शिकला आणि वेगळा झाला. त्याला हा रथ स्वतः करायचा होता. नवमीला प्रसाद घ्यायला म्हणून आला आणि पूजेच्या खोलीत एकटाच उभा राहिला बराच वेळ. आल्विन नसेल तर तोच. दोघांनी मिळून केलं असेल!”

“नवमीला डिस्क पूजेच्या खोलीत काय करत होती?”

माझ्या प्रश्नाचं त्यांना नवल वाटलं. “आयुधपूजा नव्हती का? गिरीशची आयुधं ती. माझ्या पटाशा, रंधे, वाकस पूजेला बसतात, मग त्याचा कॉम्प्युटर नको? त्याच्या डबड्या नकोत?”

डबड्या दोन होत्या. गिरीशने एकाच दिवशी घेतलेल्या, एकसारख्या. एकीवर त्याने दवाखान्यातल्या कापडी चिकटपट्टीवर ‘रथ’ लिहून ठेवलं होतं, दुसरीवर ‘रिकामी’. आल्विनने नवमीच्या आदल्या दिवशी ‘रथ’वर नक्कल काढली. नवी सिस्टम तेव्हाच टाकणार होता, पण आचार्यांनी अडवलं. हत्यारं धुवायची वेळ झाली होती. पूजेला बसलेलं हत्यार दसऱ्याच्या सकाळपर्यंत उचलायचं नसतं, मग कॉम्प्युटर तरी कसा चालवणार?

“हत्यारं धुतो कोण?”

“कोण म्हणजे? मी. घरातल्या मुख्य आचार्याशिवाय कुणी हात लावायचा नाही. बायकांनी नाही, गड्यांनी नाही.” हे सांगताना त्यांची मान पुन्हा ताठ झाली.

मी डिस्क हातात घेऊन फिरवून पाहिली. पट्टीच्या कडेला पांढरी पापडी दिसत होती, वाळलेल्या डिंकासारखी. मी नखाने ती खरवडू लागले, तेवढ्यात आचार्य म्हणाले, “अक्का, एकच मागतो. चोर कोण ते नाही सांगितलंत तरी चालेल. देवळाला काय तोंड दाखवू तेवढं सांगा.”

मी डिस्क पिशवीत टाकली आणि आल्विनकडे निघाले.

३

आल्विनचं दुकान बसस्टँडमागे आहे. गिऱ्हाइकांसाठी बाहेर एक बाक आहे आणि त्या बाकावर नेहमी कुणीतरी आपला आजारी कॉम्प्युटर मांडीवर घेऊन बसलेलं असायचं. त्या दिवशी बाकावर मांजर होतं.

“या बाई,” तो म्हणाला. “तुमचाही विमा उतरवून घ्या. देवाचा रथ बुडवणाऱ्याच्या दुकानात शिरलात.”

“बुडवलास का?”

“नाही.” त्याने हातातला पेचकस खाली ठेवला. “इतकी वर्षं मी इथे आल्विन होतो. कुणाचा प्रिंटर अडला की आल्विन, कुणाच्या पोराचा फॉर्म भरायचा तर आल्विन. दसऱ्यानंतर मी ‘तो क्रिस्तांव’ झालो. तोंडावर कुणी म्हणत नाही. पण येतही नाही.”

मी त्याला झालं तसं सांगायला सांगितलं. आढेवेढे न घेता त्याने सगळं सांगितलं.

“आदल्या दिवशी नक्कल काढली. वनजाबाईंच्या समोर उघडून तपासली, एक नाही, पाच-सहा नकाशे. नक्कल काढून न तपासणारा माणूस गाढव, हे मी सगळ्यांना सांगत फिरतो. मग म्हातारा आला, म्हणाला उठ, आता हत्यारं धुवायची. मी उठलो. दसरा झाल्यावर गेलो. दोन्ही डिस्क टेबलावर होत्या. ‘रथ’ बाजूला ठेवली. नवी सिस्टम टाकायला एक मोकळी डिस्क लागते, तिच्यावर आधी ती सिस्टम चढवावी लागते. त्यासाठी ‘रिकामी’ घेतली.”

“ते चढवताना आधीचं काही असलं तर?”

“पुसलं जातं. यंत्र विचारतं, सगळं पुसू का? ते रोज विचारतं आणि मी रोज हो म्हणतो. रिकाम्या डिस्कवर काय असणार? मग कॉम्प्युटर साफ केला, नवी सिस्टम बसवली. सुरेख चालली. मग ‘रथ’ लावली, आणि बाई, आत काहीच नव्हतं.”

“कॉम्प्युटर साफ करण्याआधी ‘रथ’ पुन्हा उघडून पाहिली नाहीस?”

“तपासलेली होती ना! मधे दोन दिवस ती देवापुढे होती. देवापुढून कोण काय नेणार?”

तो हे अगदी निरागसपणे बोलला आणि मला त्याची दया आली. दया आली की मी रागावते, म्हणून मी जरा जोरातच विचारलं, “मग गेलं कुठे सगळं?”

“ते मला कळलं असतं तर मी मांजराशी गप्पा मारत बसलो असतो का? नक्कल मी काढली, मी पाहिली. पण त्या खोलीत दुसरं कोण शिरलं, ते दिवाकर आचार्यला विचारा. त्याने मला गणपतीच्या सुमारास गाठलं होतं. म्हणाला, आल्विन, म्हाताऱ्याच्या कॉम्प्युटरमधलं काढून दे, मागशील ते देतो.”

“आणि तू?”

“नाही म्हटलं. आता वाटतं, हो म्हणायला हवं होतं.”

४

आल्विनचं ते शेवटचं वाक्य दिवाकरच्या कारखान्याच्या दारापर्यंत माझ्या डोक्यात घोळत होतं. कारण त्यात एक आशा होती. दिवाकरने नकाशे चोरले असले, तर ते कुठेतरी होते! जन्मभर मी चोर शोधत आले. समोरचा माणूस चोर निघावा म्हणून देवाला विनवण्याची वेळ पहिल्यांदाच आली.

दिवाकर दरवाज्याची चौकट तासत होता. खांदे काकांसारखेच, त्यांना तो दोड्डप्पा म्हणे; बोलणं मात्र मऊ.

“बसा अक्का. दोड्डप्पांनी पाठवलं का? चोर म्हणाले असतील मला.”

“आहेस का?”

“व्हायला गेलो होतो.” त्याने रंधा बाजूला ठेवला. “खोटं कशाला बोलू? तो रथ माझ्या पणजोबांचाही आहे. दोड्डप्पांना डोळ्याने नीट दिसत नाही, हात थरथरतो. एकट्याने होणार नाही त्यांच्याकडून. मी म्हटलं, दोघं मिळून करू. तर म्हणाले, गिरीशच्या जागी बसायला आलास का? गिरीशच्या जागी कोण बसणार, अक्का? आम्ही एका ताटात जेवलोय.”

“मग नवमीला काय केलंस?”

“खिशात माझी डिस्क घेऊन गेलो होतो. पिशवीत दिनेशचा लॅपटॉपही होता, माझ्या मेहुण्याचा. दोड्डप्पा बाहेर कोहळा फोडत होते, सगळे तिकडे. मी पूजेच्या खोलीत एकटा. समोर गिरीशच्या त्या दोन डबड्या. उचलायच्या, नक्कल करायची, परत ठेवायच्या. तेवढंच.”

“आणि?”

माझ्या चेहऱ्यावर काय दिसलं कोण जाणे, तो ओशाळला.

“त्यांच्यावर कुंकू लावलेलं होतं, अक्का. शेवंतीचं फूल ठेवलेलं. पूजेला बसलेलं हत्यार उचलायचं कसं? हात पुढे केला आणि मागे घेतला. नमस्कार करून पंचकज्जायाचा प्रसाद खाल्ला आणि आलो.”

“अरे गाढवा!” माझ्या तोंडून निघून गेलं. “चोरायला गेलास आणि सोवळं पाळलंस?”

“हो,” तो म्हणाला. “रोज तेच म्हणतो मी स्वतःला.”

माझी आशा संपली होती. मी उठले, आणि उठता उठता त्याच्याच शब्दाला अडखळले.

“दिवाकर, डबीवर कुंकू कुठे लावलं होतं? बाजूला, वर, कुठे?”

“वर, बरोबर मधोमध.”

“पट्टीवर?”

त्याने डोळे मिटून आठवून पाहिलं. “पट्टी कुठली? पट्टी नव्हती.”

५

माझ्या धंद्यात थरांना फार महत्त्व. जळक्या गोदामात वरची राख कुणीही बघतो. खाली काय, त्याच्यावर काय, हे ज्याला कळलं त्याला आग कुठून लागली ते कळलं.

घरी येऊन मी ‘रथ’ची पट्टी कोमट पाण्याच्या फडक्याने ओली केली आणि सावकाश सोलली. खाली पांढरा डिंक, सुतार लाकडाला लावतात तो. आणि डिंकाच्या खाली, डिस्कच्या काळ्या अंगाला चिकटलेलं, लाल कुंकू.

पट्टी वर, कुंकू खाली. म्हणजे पूजेच्या वेळी पट्टी नव्हती. ती आधी काढली होती आणि पूजेनंतर कुणीतरी डिंकाने पुन्हा लावली होती. त्या घरात सुताराचा डिंक कुणीही वापरला असता. पण पूजेच्या हत्यारांना हात लावायचा हक्क एकाच माणसाला होता, आणि तो त्याने मला स्वतःच सांगितला होता, ताठ मानेने.

मग सगळं आपोआप जागेवर बसत गेलं. वनजा खरं बोलत होती, आल्विन खरं बोलत होता, मंगळूरवालेही खरं बोलत होते. एकाच डिस्कबद्दल तिघं एकदम खरे असू शकत नाहीत. ते दोन वेगळ्या डिस्कबद्दल बोलत होते. माझ्या हातात होती ती जन्मापासून रिकामीच होती. ‘रथ’ हे नाव तिला पूजेनंतर मिळालं.

म्हणजे खरा रथ ‘रिकामी’ अशी पट्टी मिरवत आल्विनपुढे आला होता, आणि यंत्राने ‘सगळं पुसू का’ म्हणून विचारल्यावर आल्विन हो म्हणाला होता.

पण पुसलेलं परत येतं! मंगळूरवाले तेच तर करतात. वर काही लिहिलं नसलं, तर. मी आल्विनला फोन लावला.

“आल्विन, ती दुसरी डिस्क. ‘रिकामी’ म्हणून लिहिलेली. कुठे आहे ती?”

“माझ्याकडेच आहे. म्हाताऱ्याने माझ्या अंगावर फेकली होती ना, तुझी घाण घेऊन जा म्हणून. चांगली होती, टाकवली नाही. का?”

“तिला हात लावू नकोस. कशालाही जोडू नकोस.”

तो हळू आवाजात म्हणाला, “बाई, ती आत्ताही जोडलेलीच आहे. चर्चच्या सणाचं चित्रण भरतोय तिच्यात. भरत आलीय.”

६

आचार्यांच्या ओटीवर आम्ही सगळे जमलो. आल्विन पायरीपाशी उभा राहिला, वर यायला तयार होईना. वनजाने त्याला हाताला धरून आणलं.

मी आचार्यांसमोर दुसरी डिस्क ठेवली. ‘रिकामी’ची पट्टी त्यांच्यादेखत सोलली. खाली डिंक, डिंकाखाली कुंकू, आणि कुंकवात रुतलेली शेवंतीची एक सुकी पाकळी.

“पट्ट्या कुणी काढल्या, आचार्रे?”

“मीच.” त्यांना अजून काही कळलं नव्हतं. “मळलेल्या होत्या. हत्यार पुसताना त्याच्यावरची घाण ठेवायची का? पण गिरीशचं अक्षर होतं, म्हणून टाकल्या नाहीत. खिडकीत चिकटवून ठेवल्या. डबड्या खोबरेल लावून पुसल्या, पूजेला बसवल्या. दसऱ्याला पट्ट्या परत लावल्या. खोबरेलावर चिकटेनात, म्हणून डिंक घेतला.”

“कुठली कुणाची, हे कसं ओळखलंत?”

“उजव्या हाताची रथाची. हे पक्कं लक्षात ठेवलं होतं.”

“बसवताना कुठे बसला होतात?”

“देवासमोर.”

“आणि दसऱ्याला उचलताना?”

ते सांगायला लागले आणि मधेच थांबले. त्या सकाळी नवं मशीन आलं होतं. त्याचं खोकं आधी पूजेच्या खोलीत आणून देवासमोर ठेवलं होतं, कुंकू लावायला. समोर बसायला जागाच नव्हती. देवाच्या बाजूने, उलट दाराकडे तोंड करून, भिंतीला टेकून बसून त्यांनी हत्यारं उचलली होती.

त्यांनी आपला उजवा हात वर केला, त्याच्याकडे पाहिलं, मग डावा वर केला.

“म्हणजे मीच,” ते म्हणाले.

“एकटे तुम्ही नाही,” आल्विन घाईने म्हणाला. “मी पुसण्याआधी एकदा उघडून बघायला हवं होतं. एक क्षण लागला असता.”

“मी चोरून तरी दुसरी नक्कल काढायला हवी होती,” वनजा म्हणाली.

एक गोष्ट सांगायची राहिली होती आणि ती सांगायला माझी जीभ उचलत नव्हती. दसऱ्यानंतरच्या त्या सकाळी जर कुणी कुणाला चोर न म्हणता दोन्ही डिस्क शेजारी शेजारी ठेवून पाहिल्या असत्या, तर बहुतेक सगळा रथ परत मिळाला असता. नवी सिस्टम त्या डिस्कचा एक कोपरा व्यापत होती. बाकीचे नकाशे पुसूनही खाली तसेच होते. नंतर आल्विनने जसजसं तिच्यावर भरलं, तसतसे ते गेले. कुणाचे सिनेमे, कुणाची लग्नं, शेवटी चर्चचा सण. रथ हरवल्यानंतर आम्ही चोर शोधत होतो, आणि रथ तेव्हा बसस्टँडमागच्या दुकानात थोडा थोडा मिटत होता.

मला सांगावं लागलं नाही. म्हाताऱ्याला हिशोब कळला.

“मी ती याच्या अंगावर फेकली,” ते म्हणाले. “माझ्या पोराचं काम मी अंगणात भिरकावलं. आणि याला शिव्या दिल्या.” मग ते रडले. राखेपाशी न रडलेला माणूस तिथे ओटीवर सर्वांसमोर रडला, आणि आल्विन त्यांच्या शेजारी बसून राहिला.

७

मंगळूरवाल्यांनी खूप खटपट केली. परत आलं ते थोडंच. एका चाकाचे पूर्ण नकाशे, आरे, तुंबा, आस, सगळं. आणि एक फोटो. त्याचा खालचा अर्धा भाग करडा पडलेला, वरच्या भागात जुन्या रथाचं चाक आणि त्यावर मापाची फीत धरलेला एक हात. चेहरा नाही. वनजाने अंगठ्याच्या व्रणावरून हात ओळखला. पटाशीचा व्रण होता तो.

आचार्यांनी देवळात जाऊन स्वतः सांगितलं, तोच रथ आता होणार नाही आणि चूक माझी आहे. पंचांनी काम काढून घेतलं नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी ते चालत बसस्टँडमागे गेले आणि आल्विनच्या बाकावर बसले. काम काही नव्हतं. नुसते बसले, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल असे. पुढे कित्येक दुपारी ते तिथे बसत. “मांजराने बाक सोडलं बाई,” आल्विनने मला सांगितलं. मग हळूहळू गिऱ्हाइकंही आली.

चाकाचे नकाशे मिळाले तेव्हा आचार्यांनी आल्विनला तीन नकला काढायला लावल्या. एक वनजाच्या भावाकडे, एक आल्विनच्या कपाटात.

“आणि तिसरी?” त्याने विचारलं.

“दिवाकरला दे,” म्हातारा म्हणाला. “म्हणावं, चोरायची गरज नाही. पटाशी घेऊन ये.”

नवा रथ दोघांनी मिळून केला. पुढच्या नवमीला आचार्यांनी कॉम्प्युटरला आणि डिस्कला लांबूनच फूल वाहिलं. हात लावला नाही, आणि पुसायचं काम वनजाला दिलं. घरात हे पहिल्यांदाच घडत होतं.

जत्रेला मी गेले होते. रथ देखणा झालाय. पण तो जुना नव्हे, आणि ज्यांनी जुना पाहिला होता ते मुकाट्याने बघत होते. दोर ओढला, तशी सगळ्यांची नजर कळसाकडे गेली. आचार्य तेवढे खाली वाकून चाकाकडे बघत होते. त्या एका चाकाच्या नकाशांवरून घडवलेली चारही चाकं मात्र जुन्या रथाची होती, गिरीशच्या मापाची.